बदलीची मुले, उचलीची मुले

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत आणि शेजारच्या पाथर्डीत मुकादमांच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांच्या, ऊसतोड टोळ्या हलायला लागतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीवर संसार चढतो आणि कुटुंबे सांगली-कोल्हापूरला, सातारा-सोलापूरला, पार कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटच्या साखर कारखान्यांपर्यंत पांगतात. नंदुरबार-धुळ्याकडच्या टोळ्या गुजरातेत सुरत-बारडोलीच्या वाटेला लागतात. दिवाळीची सुट्टी संपून गावातली झेडपीची शाळा उघडते, तेव्हा कितीतरी वर्ग अर्ध्यावर आलेले असतात.

ही मुले परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा होऊन गेलेली असते. शाळेचे दुसरे सत्र आणि उसाचा गळीत हंगाम त्याच महिन्यांत पडतात. त्यामुळे ऊसतोड कामगाराच्या मुलाची शाळा अधूनमधून बुडत नाही, दरवर्षी ठरलेले सहा महिने बुडते. पहिलीपासून सातवीपर्यंत पुस्तकाचा उत्तरार्ध त्याच्यासमोर कधी येतच नाही. राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या १० ते १२ लाख असल्याचे नेहमी सांगितले जाते, हे लक्षात घेतले तर केवढ्या मुलांचा हा प्रश्न आहे ते कळते.

शाळा बदलणे ही तशी रोजची गोष्ट. वडिलांची बदली होते, भाड्याचे घर सोडावे लागते, आई मुलांना घेऊन माहेरी येते, वडील गेल्यावर मामा भाच्याला आपल्या गावी नेतो, फी परवडेनाशी होते, गावातली शाळाच बंद पडते. प्रत्येक वेळी मूल एका पटावरून दुसऱ्या पटावर जाते. या सगळ्याला ‘स्थलांतर’ म्हणून मोकळे झाले, तर नेमके दुखते कुठे ते दिसत नाही. मुलाचे नुकसान शाळा बदलल्यामुळे होते, की ज्या घरगुती ओढाताणीमुळे ती बदलली त्या ओढाताणीमुळे?

अमेरिकेत हा प्रश्न बराच काळ मोजला गेला आहे. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने १९९४ मध्ये एक अहवाल दिला. पहिलीपासून तिसरीपर्यंत तीन किंवा त्याहून जास्त शाळा पाहिलेल्या मुलांचे प्रमाण त्यात सहात एक असे निघाले. अशा मुलांपैकी ४१ टक्के वाचनात इयत्तेच्या मागे होती. एकदाही शाळा न बदललेल्यांत हेच प्रमाण २६ टक्के होते. त्याच यंत्रणेच्या २०१० च्या अहवालात बालवाडी ते आठवी या काळात चार किंवा अधिक वेळा शाळा बदलणारी मुले सुमारे १३ टक्के आढळली आणि त्यांच्यात गरीब घरांतली, भाड्याने राहणारी मुले जास्त होती. रसेल रंबर्गर आणि कॅथरीन लार्सन यांनी १९९८ मध्ये दाखवले की आठवी ते बारावीत एकदा जरी मधेच शाळा बदलली, तरी शिक्षण अर्धवट सुटण्याची शक्यता दुपटीच्या घरात जाते.

हे आकडे वाचून शाळाबदल हाच गुन्हेगार ठरवायचा मोह होतो. तो मोह आवरला शाना प्रिबेश आणि डग्लस डाउनी या समाजशास्त्रज्ञांनी. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की घर आणि शाळा बदलणाऱ्या मुलांच्या पिछाडीचा मोठा भाग बदलाच्या आधीपासूनच असतो. ज्या घरांत पैशाची चणचण आणि नात्यांची पडझड जास्त, तीच घरे जास्त हलतात. थोडा घाव शाळाबदलाचाही असतोच. पण जखम बहुधा आधीची असते. टेक्सासमधल्या मुलांवर एरिक हनुशेक, जॉन केन आणि स्टीव्हन रिव्हकिन यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली. ज्या शाळेत मुलांची ये-जा फार, तिथे एकाच बाकावर वर्षभर बसलेल्या मुलाचाही अभ्यास मागे पडतो. शिक्षकाला पुन्हापुन्हा मागून सुरुवात करावी लागते आणि वर्गाची घडी बसत नाही. गरीब वस्तीतल्या शाळांत ही ये-जा जास्त असल्याने तिथल्या मुलांना याचा फटका दुहेरी बसतो.

या निष्कर्षांच्या शेजारी आपल्याकडची एक व्यवस्था ठेवून पाहावी. दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १९६२ मध्ये बदलीच्या नोकरीतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळांची योजना मंजूर केली. पुढच्याच वर्षी लष्करी तळांवरच्या २० शाळा ताब्यात घेऊन ‘सेंट्रल स्कूल’ उभी राहिली. आजची केंद्रीय विद्यालये ती हीच. त्यांची संख्या आता १,२०० च्या पुढे आहे. पुण्यातून पठाणकोटला गेलेल्या जवानाच्या मुलीला तिथे तोच अभ्यासक्रम, त्याच माध्यमातून आणि त्याच वेळापत्रकाने मिळतो. प्रवेश देताना पालकाच्या मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजल्या जातात आणि ज्याच्या बदल्या जास्त त्याचा नंबर वर लागतो. जितके जास्त हलावे लागले, तितका प्रवेशाचा हक्क मोठा, असा हा नियम आहे. या मुलांनाही मैत्रिणी तुटल्याचे, नव्या वर्गात एकटे पडल्याचे दुःख असतेच, पण त्यांचा अभ्यास तुटत नाही.

फिरत्या मुलाबरोबर शाळा कशी फिरवायची हे सरकारला १९६३ पासून येते, याचा हा पुरावा आहे. बदलीच्या आदेशावर शिक्का असतो, तारीख असते, पुढच्या गावाचे नाव असते. मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे त्याने दिलेल्या आगाऊ रकमेवर, यातले काही नसते. खरा फरक इथे पडतो, आणि महाराष्ट्रातल्या या विषयावरच्या बहुतेक योजना इथेच अडखळल्या आहेत.

बदलीचा आदेश आणि उचल यांच्या मधल्या घरांचे आधी सांगायला हवे, कारण ती कुठल्याच योजनेत बसत नाहीत. कोविडच्या काळात छोटे दुकानदार, रिक्षाचालक, खासगी कंपन्यांतले कारकून अशा हजारो घरांनी मुलांना इंग्रजी शाळांतून काढून सरकारी शाळांत घातले. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांत सरकारी शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ७०.३ आणि २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले. २०२४ पर्यंत ते पुन्हा ६६.८ वर उतरले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढी मुले इकडून तिकडे आणि परत तिकडून इकडे आली, त्यामागे घरातल्या मिळकतीचा चढउतार होता.

या मुलांना अडवले ते दाखल्याने. फी थकली म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवणे ही खासगी शाळांची जुनी रीत आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ याबाबत पुरेसे स्पष्ट आहे: मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. मात्र हा कायदा १४ वर्षांपर्यंतचा, म्हणजे व्यवहारात आठवीपर्यंतचा आहे. म्हणून २०२१ च्या जूनमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाला नववी-दहावीचे प्रवेशही दाखल्यावाचून देण्याचा वेगळा आदेश काढावा लागला. दाखला हे फीवसुलीचे हत्यार नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले. तरीही एखादी विधवा आई मुलाला घेऊन माहेरच्या गावी येते, तेव्हा तिला कलम ५ माहीत नसते. आधीच्या शाळेने ऑनलाइन विनंती मान्य केली नाही, तर मूल वर्गात बसते पण विद्यार्थी-नोंदणीच्या स्टुडंट पोर्टलवर जुन्याच शाळेत राहते. त्यातून पुढे आधारच्या नावातला फरक, जन्मतारखेचा घोळ, शिष्यवृत्तीची अडचण ही रांग लागते. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे किंवा संसार मोडला आहे, त्या घराकडून आपण एवढ्या चकरांची अपेक्षा करतो.

आता पुन्हा उसाच्या फडाकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती फिटते तोडलेल्या टनांवर. पहाटे उठून फडात गेलेली आई अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतते, गाडी भरायची असेल तर रात्रीही जाते. धाकटे मूल सांभाळायला, पाणी आणायला, भाकरी थापायला कोणीतरी लागते. दहा-अकरा वर्षांची मुलगी असली की ते काम तिचे होते. मुलांना सोबत न्यायचे की गावी ठेवायचे, हे शेवटी एका गोष्टीवर ठरते: गावात हातपाय चालणारी आजी आहे का? आजी असेल तर मूल पटावरही राहते आणि वर्गातही. आजी आजारी पडली किंवा गेली, की त्याच वर्षी नातवंडे कोपीवर दिसतात. कुटुंबाची परिस्थिती आणि शाळा यांचा संबंध इतका उघड, इतका सरळ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

या मुलांसाठी पहिला मोठा प्रयोग साखरशाळांचा. २००० नंतरच्या दशकात औरंगाबादच्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात, टोळ्यांच्या अड्ड्यांवर या शाळा चालवल्या, पुढे सर्व शिक्षा अभियानाचा पैसाही त्यांना मिळाला. मूल आईबापाजवळ राहायचे, सकाळी शाळेत यायचे. उणिवा होत्याच. शिक्षक हंगामी असायचे, शेड तात्पुरते असायचे, सगळ्या इयत्ता एकत्र बसायच्या. फडाजवळ राहणाऱ्या मुलांपेक्षा कारखान्याच्या अड्ड्यावरच्या मुलांना त्यांचा उपयोग जास्त व्हायचा. पण या शाळा मुलाच्या मागे जाणाऱ्या होत्या, हे त्यांचे मोल. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच शिकले पाहिजे अशी भूमिका आली आणि साखरशाळा हळूहळू मिटल्या. तत्त्व म्हणून ती भूमिका चुकीची नव्हती. गरीब मुलाला दुय्यम शाळा का, हा प्रश्न रास्तच होता. मात्र नियमित शाळा फडापासून तीन-चार किलोमीटरवर असते आणि टोळी दर काही दिवसांनी फड बदलते, याचे उत्तर त्या भूमिकेत नव्हते.

त्यानंतर दोन उपाय आले. एक म्हणजे शिक्षण हमी पत्रक. गाव सोडताना शाळेने मुलाच्या हाती पत्रक द्यायचे, त्यावर तो किती शिकला त्याची नोंद करायची, आणि ते दाखवले की कारखान्याकडच्या शाळेने त्याला लगेच बसवून घ्यायचे. दाखला नको, अर्ज नको. कल्पना फार चांगली आहे. पण टोळी निघते ती मुकादमाचा ट्रक आला की, बहुतेकदा रात्रीतून. पत्रक लिहायला गुरुजींना सकाळ मिळतच नाही.

त्याहून मोठी अडचण हिशेबाची. संच मान्यतेसाठी, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. यू-डायस या शाळांच्या देशव्यापी नोंदीतली माहितीही याच तारखेची. टोळ्या निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे ही मुले कागदावर कायम आपल्या गावी असतात. बीडच्या शाळेला त्यांच्या नावावर शिक्षक मिळतो, आणि कोल्हापूर-सांगलीतल्या ज्या शाळेत नोव्हेंबरात पंधरा-वीस नवी मुले येऊन उभी राहतात, तिला त्यांच्यासाठी शिक्षक मिळत नाही. गावच्या शाळेने मूल पोर्टलवरून सोडले तर तिची पटसंख्या घटते, म्हणून तीही सोडायला राजी नसते. यात कुणा एका शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. मोजण्याचा दिवसच अशा ठिकाणी ठेवला आहे की त्या दिवशी हे मूल घरी असते. वर्षातून दोनदा, सप्टेंबरात आणि जानेवारीत, पट मोजला आणि जानेवारीचा आकडा येणाऱ्या मुलांच्या शाळेला शिक्षक द्यायला वापरला, तर या प्रश्नाचा मोठा भाग नव्या इमारती न बांधता सुटू शकतो.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा: आईबाप गेले तरी मूल गावीच राहावे, शाळा व्यवस्थापन समितीने त्याच्या जेवणाखाण्याची सोय करावी. अनेक गावांत याचा अर्थ मुले शाळेत दोन वेळ जेवतात आणि रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपतात, असा झाला आहे. तेवढ्यानेही पुष्कळ मुले वाचली आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण मंजुरी आणि पैसा वरून यायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो, आणि तोवर ज्यांना थांबवायचे ती मुले निघून गेलेली असतात. ज्यांना आजी नाही त्यांना रात्रीचा निवारा या योजनेत मिळत नाही. ती उणीव ओळखून राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली. पहिल्या टप्प्यात मुलांची १० आणि मुलींची १०, प्रत्येकी शंभर जणांची. ही बारमाही वसतिगृहे गरजेची आहेत, पण लाखांच्या घरातल्या मुलांपुढे ८,२०० खाटांचा हा आकडा फार लहान आहे.

मुलींचा प्रश्न या सगळ्यात वेगळा काढून पाहावा लागतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी एकटी गावी ठेवायला आईबाप धजत नाहीत आणि कोपीवर न्यायचीही भीती असते, कारण तिथे दार नसते, न्हाणी नसते. या कोंडीतून लग्न ठरते. लग्न झाले की नव्या जोडीचा नवा कोयता होतो, त्याला वेगळी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. बीड जिल्ह्यात ४३.७. गावातली शाळा सातवीला संपते आणि पुढची हायस्कूलची वाट एसटीने जाते, तिथे मुलीची शाळा बदलते किंवा तुटते. एसटीच्या मोफत पासाने काही मुली टिकल्या आहेत. ज्या गावी सकाळची गाडी येते तिथल्याच टिकल्या, हेही खरे.

ऊस हे या गोष्टीचे सर्वांत मोठे प्रकरण, एकमेव नाही. ठाणे-पालघर-रायगडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर येतात ती पावसाच्या तोंडावर परततात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने तिथे गवताच्या झोपड्यांत ‘भोंगा शाळा’ सुरू केल्या आणि वीटभट्टीवरच्या मुलाचा प्रश्न पहिल्यांदा सरकारच्या दारात नेला. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर चित्र आणखी वेगळे. तिथे हंगाम नसतो. इमारत उभी राहिली की कुटुंब पुढच्या साइटवर जाते, कधी चार महिन्यांत, कधी वर्षाने. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ आणि १९७० च्या दशकापासून मुंबईत काम करणारी ‘मोबाइल क्रेशेस’ यांनी साइटवरच वर्ग आणि पाळणाघर चालवण्याची पद्धत घडवली. मोठ्या भावंडाला शाळेत पाठवायचे तर धाकट्यासाठी पाळणाघर आधी लागते, हा त्यांचा अनुभव ऊसतोडीच्या योजनांनी अजून पुरता घेतलेला नाही.

भाषेची अडचण या मुलांना सर्वांत आधी भेटते. बीडचे मूल बागलकोटला कन्नड वर्गात बसते. यादगीर-कलबुर्गीहून आलेले मूल पुण्यात मराठी वर्गात. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ पासून ‘रोशनी’ या उपक्रमात परप्रांतीय मजुरांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून आधार देत मल्याळमकडे नेले जाते. ओडिशातून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या मुलांसाठी आंध्र प्रदेशातल्या कामाच्या जागी ओडिया पुस्तके आणि शिक्षक पोचवण्याचे प्रयत्न झाले. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे कारखाने, मुकादम, टोळ्या वर्षानुवर्षे एकमेकांत गुंतलेले आहेत. मुलांच्या पुस्तकांबाबत मात्र दोन्ही राज्यांत अशी कायमची व्यवस्था उभी राहिलेली नाही.

अशा मुलांचा देशभराचा अंदाज युनेस्कोच्या २०१९ च्या जागतिक शिक्षण अहवालात सापडतो. २०१३ मध्ये भारताच्या ग्रामीण भागात हंगामी स्थलांतरित असलेल्या घरांत ६ ते १४ वयाची १ कोटी ७ लाख मुले राहत होती. अशा घरांतल्या १५ ते १९ वयाच्या तरुणांपैकी २८ टक्के निरक्षर होते किंवा त्यांचे प्राथमिक शिक्षणही पूर्ण झाले नव्हते. या वयोगटाचे एकूण प्रमाण १८ टक्के होते. जनगणनेत हे लोक नीट सापडत नाहीत, कारण त्यांचा पत्ता बदलत नाही.

अलीकडे दोन गोष्टींनी या मुलांच्या अडचणींत भर घातली आहे. २० पेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १४ हजार शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार राज्याने २०२३ मध्ये पुढे आणला. पानशेत आणि तोरणमाळ ही त्यासाठी दाखवलेली उदाहरणे. ज्या वाड्या-तांड्यांवर पट कमी आहे, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी तो कमी असण्याचे कारणच स्थलांतर आहे. तिथली शाळा हलली, तर परत आलेल्या मुलाला गावातली शाळाही मिळणार नाही. दुसरी गोष्ट परीक्षेची. पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास त्याच वर्गात, हा नियम २०२३-२४ पासून राज्यात आला. दुसरे सत्र न पाहिलेल्या मुलाची परीक्षा दुसऱ्या सत्राच्या शेवटी होणार. नियम करणाऱ्यांनी फेरपरीक्षेची आणि जादा मार्गदर्शनाची तरतूद ठेवली आहे. ती मे-जूनमध्ये, टोळ्या गावी असताना, खरोखर राबवली तर या मुलांना पहिल्यांदा उत्तरार्ध शिकायला मिळू शकेल.

आठवीनंतर कायद्याचे छत्र संपते. दहावीत मंडळाचा अर्ज लागतो आणि तो भरण्याचे दिवस टोळ्या निघण्याच्या दिवसांतच येतात. ज्यांचा नियमित वर्ग सुटतो, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसावे लागते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पुष्कळ कारखाने चालू असतात. पंधरा वर्षांचा मुलगा आणि नुकताच कोयता हातात घेतलेला मजूर हे अनेकदा एकच असतात. त्याने परीक्षेसाठी दोन आठवडे फड सोडला, तर तेवढ्या दिवसांच्या टनांचा हिशेब त्याच्या आईबापाच्या उचलीवर चढतो.